विशाखापट्टणमचं जहाज आणि रायपूरच्या गार्डची झेंडी

आमच्या रायपुरात समुद्र म्हणजे तेलीबांध्याचा तलाव. त्याच्या काठच्या रस्त्याला आम्ही हौसेनं मरीन ड्राइव्ह म्हणतो, यावरून काय ते समजा. त्यामुळे "नौदलाच्या जहाजाचे फोटो काढायला चाललो" असं सांगितल्यावर साहेबांनी सुट्टी देण्याआधी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

कारण होती मिनू, माझी धाकटी बहीण. ती नौदलात इंजिनीयर अधिकारी आहे आणि तिचं जहाज विशाखापट्टणमहून कित्येक महिन्यांसाठी निघणार होतं. ती भरती झाली तेव्हा बाबांनी साफ नाही म्हटलं होतं. ती तरी गेली. तेव्हापासून दोघं फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायचे. यावेळी तिनंच विचारलं, "बाबा, मले हिरवी झेंडी दाखवायले याल का?"

बाबा मालगाडीचे निवृत्त गार्ड. त्यांच्या हिरव्या झेंडीशिवाय जन्मभर गाडी हलली नाही. त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "तिकीट काढ बे." लाल आणि हिरवी, दोन्ही झेंड्या इस्त्री करून पिशवीत गेल्या.

रायपूरहून विशाखापट्टणमला थेट गाड्या आहेत. संध्याकाळनंतरची पकडा, म्हणजे सकाळी डोळे उघडतात ते आंध्रातल्या हिरव्या डोंगरांत. जेवण घरूनच न्या. आमच्याजवळ आईच्या पोळ्या आणि वांग्याची भाजी होती. वाटेत प्रत्येक स्टेशनावर बाबा खाली उतरून गार्डाशी बोलून येत आणि "पोट्टा चांगला आहे" असा निकाल देत. स्टेशनवरचे ऑटोवाले परगावचं माणूस पाहून दुप्पट सांगतात, न लाजता अर्ध्यावर या. बीच रोडच्या आतल्या गल्लीत इडली खा. त्या चटणीनं बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी दोनदा मागितली.

फोटोवाल्यांसाठी: बंदर किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, एका मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. जहाजं तिथूनच बाहेर पडतात. सकाळी ऊन समोरून येतं, म्हणून दुपारनंतर जा. गोदीचे फोटो काढायला मनाई आहे, तिकडे कॅमेरा वळवू नका. लांबची लेन्स हवीच.

आम्ही तीनलाच वाळूत उभे. जहाज निघायला अवकाश होता, पण बाबांना धीर कुठला! दूर नांगरलेलं एक मालवाहू जहाज दिसताच त्यांनी हिरवी झेंडी दाखवली. ते ढिम्म.

"सिग्नल नसंल," बाबा म्हणाले.

मग एक करडं जहाज दिसलं. पुन्हा हिरवी.

"बाबा, हे तर आत येऊन राहिलं!"

"मंग? आत घ्यायलेही हिरवीच लागते. तू फोटो काढ."

तोवर भोवती गर्दी जमली. मसाला चुरमुरे विकणारा धंदा सोडून बघत उभा. एकानं बाबांना नमस्कार केला, काहून ते देव जाणे. किनाऱ्यावरचा जीवरक्षक शिट्टी सावरत आला. "सर, आपका ड्यूटी इधर है?"

"जिंदगीभर किया भैया," बाबा म्हणाले, "आज बेटी के लिए आया हूँ."

तो बिचारा गोंधळून बाजूला उभा राहिला.

आणि जहाज आलं. मिनूनं सांगितलेला नंबर त्याच्या अंगावर लेन्समधून स्पष्ट दिसला. कठड्याशी पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं उभी होती, चेहरा एकाचाही कळेना. "हेच! बाबा, दाखवा!" मी ओरडलो आणि बटण दाबत सुटलो.

बाबांनी झेंडी उघडली. लाल.

"बाबा, लाल आहे!"

"दिसते मले."

दोन्ही हातांनी ते ती हलवत होते, जोरजोरात, गाडीखाली कुणी कापलं जाणार असल्यासारखी. आणि समोर एकच गोंधळ! समुद्रावर लाल झेंडी म्हणजे पाण्यात धोका. जीवरक्षकानं शिट्टी फुंकली, आया पोरांना खेचायला धावल्या, शंभरेक माणसं चड्ड्या सावरत पाण्याबाहेर पळाली. सगळा किनारा थांबला. जहाज मात्र थांबलं नाही.

बाबा ते ठिपका होईपर्यंत बघत होते. मग झेंडी गुंडाळली आणि म्हणाले, "ऐकत नाही पोट्टी." मला हसू येत होतं, ते दाबून मी झेंडीसाठी पिशवी उघडून धरली. आम्ही सगळ्या किनाऱ्याची माफी मागितली आणि परतीची गाडी धरली.

घरी येऊन फोटो पाहिले. जहाज बहुतेकांत तिरकं. एकच नीट आला: पुढे लाल झेंडीवाले बाबा, मागे ओल्या माणसांची पळापळ, त्यामागे जहाज. आम्ही त्यात मिनू शोधत बसायचो. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दर वेळी वेगळाच पांढरा ठिपका दाखवायचे.

काही आठवड्यांनी कुठल्याशा बंदरातून तिचा फोन आला. "मी तं खाली इंजिनाजवळ होते, दादा. काहीच नाही दिसलं मले." मग आवाज बारीक झाला. "बाबांनी दाखवली नं हिरवी?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"दाखवली नं माय," ते म्हणाले. "मंग का लाल दाखवतो तुले?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. फोन ठेवल्यावर बाबांनी तो फोटो पुसून टाकायला सांगितलं. मी हो म्हणालो, पण पुसला नाही.

मिनू, तू हा ब्लॉग वाचतेस, मला माहीत आहे. बाबांना काही बोलू नको.