फॉन्टांची चहाडी

नांदेडात माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पत्रिका मराठीत, निकाहाची कार्डं उर्दूत, गुरुद्वाऱ्याकडच्या घरांची आमंत्रणं गुरुमुखीत, आणि देगलूरकडची गिऱ्हाइकं तेलुगू मागतात. त्यामुळे दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी इतके फॉन्ट भरून ठेवले होते, की तो सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा.

एका वर्षी लेक लातूरहून दिवाळीला घरी आली. तिथं शिकवणी लावून डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी तिचा दुसरा प्रयत्न चालला होता. दुपारी दुकानात कोणी नसलं की ती कॉम्प्युटरवर बसायची. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. काय झालं म्हणून विचारलं की "काही न्हाई" एवढंच उत्तर.

एकदा हदगावचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका ठरवायला आले. त्यांना नमुने दाखवायला मी नेटवर गेले, तर बाजूला जाहिरात: परीक्षेची भीती वाटते? झोप लागत नाही? आमच्या समुपदेशकांशी बोला. ती बंद केली, तर पुढच्या पानावर पुन्हा तीच. गृहस्थ हळूच म्हणाले, "ताई, घरात कोणाची परीक्षा हाय का?" मी हसून वेळ मारून नेली.

संध्याकाळी लेकीला विचारलं, तर ती पांढरीफटक पडली. "तू माझ्यावर पाळत ठेवून राहिली का? मी प्रायव्हेट विंडोत बघितलं होतं. सगळं पुसलं बी होतं." त्यानंतर ती माझ्याशी बोलेना.

मला भयंकर राग आला, तिचा नाही, त्या यंत्राचा. माझ्या लहानपणी भूकंपात घर पडल्यावर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. शेजारची कुजबुजही ऐकू यायची आणि माझ्या आईला मोकळेपणी रडायलासुद्धा आडोसा नव्हता. आता माझ्या लेकीला पक्क्या घरातही आडोसा मिळू नये, हे मला सहन होईना.

मग मीच वाचायला बसले. कळलं ते असं, की साइट आपल्या ब्राउझरला बारीकसारीक चौकशा करते. पडदा केवढा, भाषा कोणती, फॉन्ट कोणकोणते. एकेका उत्तरात काही नसतं, पण सगळी जुळवली की कॉम्प्युटर ओळखता येतो आणि आधी बघितलेल्याच्या जाहिराती त्यावर पाठवता येतात. हिस्टरी पुसली तरी ही उत्तरं बहुतेक तीच राहतात. एवढ्या लिप्यांचे फॉन्ट दुसऱ्या कोणाकडे असणार? म्हणजे चहाडी माझ्या फॉन्टांनीच केली असणार.

यावर मी आपली अक्कल चालवली. भेसळ वाढवली की ओळख पटणार नाही, असं मनाशी धरून उदगीरच्या गिऱ्हाइकांसाठी आणलेले कन्नड फॉन्टही त्यात टाकले. मग अशी ओळख तपासून देणाऱ्या एका साइटवर गेले. आजवर तपासलेल्यांत तुमच्यासारखा ब्राउझर एकही नाही, असं तिथं आलं. मी ते चांगलं मोठ्यानं, कौतुकानं वाचून दाखवलं.

"आई!" लेक दुकानामागच्या घरातून धावत आली. "अगं, सगळ्यांसारखं दिसायला पाहिजे! सगळी वरात पायी, आन् तू एकटी उंटावर बसलीस!" आणि ती हसली. त्या सुट्टीत पहिल्यांदाच, अगदी पोट धरून. मला इतकं बरं वाटलं की माझेच डोळे भरून आले.

घरात एक जुना लॅपटॉप पडून होता. तो आम्ही दोघींनी साफ केला, जादाचे फॉन्ट काढले आणि सगळ्या साइटींना शक्यतो एकसारखीच उत्तरं देणारा ब्राउझर त्यात घातला. "पुरतं लपता येत न्हाई, पण गर्दीत मिसळता येतं," लेक म्हणाली. मी लॅपटॉप तिच्या खोलीत ठेवला. "हा तुझा. मी हात लावणार न्हाई, विचारणार बी न्हाई." बोलायला काय जातं! दार लागलं की मी धुतलेल्याच कपबशा पुन्हा धुवायचे.

सुट्टी संपत आली तेव्हा तिनं मला खोलीत बोलावलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. समोर लातूरच्या एका समुपदेशक बाईंचं पान होतं.

"मी हेच बघून राहिले होते," ती म्हणाली. "रात्री छाती धडधडते, आई. यांच्याकडं जायचंय, पण एकटीनं भीती वाटते. तू येतीस?"

"हाव," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी तिच्याबरोबर लातूरच्या बसमध्ये बसले.