नव्या डिस्कची मोळी

आमच्या गल्लीत कुणाचं यंत्र बिघडलं की फिटर काका आधी त्यावर एक लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचे. टोक यंत्रावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि डावा हात वर, म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसायचं. थोड्या वेळाने डोळे उघडून ते निकाल सांगायचे, “बेअरिंग गेलंय.”

मिक्सर असो, पंखा असो, मोबाईल असो, काकांच्या मते बेअरिंगच गेलेलं असायचं. मोबाईलला कुठलं आलंय बेअरिंग, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणायचो. पण त्यांची सगळी नोकरी श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून गेली होती, आणि तिथल्या यंत्रांचं दुखणं ते असंच ऐकून ओळखायचे. तीच सवय त्यांनी घरी आणली. एकदा माझी नणंद नवऱ्याला घेऊन माहेरी आली होती. काका जावईबापूंशी घटकाभर गप्पा मारून उठले आणि जाता जाता सासूबाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, “वहिनी, जावयाचं बेअरिंग गेलंय.” कारखान्यातल्या गोंगाटात काकांचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं चार घरांना ऐकू जायचं. जावईबापू तर तिथेच बसले होते.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातांना चैन पडेना. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून ते लॅपटॉप उघडायला शिकले. पुन्हा बंद करायला जरा उशिरा शिकले. मधल्या काळात ज्यांनी आपले लॅपटॉप त्यांच्याकडे दिले, त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही.

माझा लॅपटॉप कॉलेजातला होता. सकाळी तो सुरू करून मी कुकर लावायची, आणि कुकर उतरवून परत आले तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. नवऱ्याने नगरहून नवी डिस्क आणून ठेवली होती. तिच्यावरून सुरू झाला की लॅपटॉप पळायला लागतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. पण ती बसवायला माझा धीर होत नव्हता, कारण बसवणार काका होते.

शेवटी धीर करावाच लागला. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी नोकरी शोधत होते, आणि ऑनलाइन मराठी शिकवणाऱ्या एका संस्थेला मी नमुन्याचा तास घेऊन दाखवायचा होता. नोकरी पुण्याची, पण करायची श्रीगोंद्यात घरी बसून. मला ती इतकी हवी होती की भाजी चिरतानाही मी मनात तास घेत असायची. तासाच्या आदल्या दिवशी सकाळी मी रंगीत तालीम केली. पहिल्याच वाक्याला लॅपटॉप गोठला. माझा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून तसाच राहिला.

मी काकांना हाक मारली. ते जेवण अर्धं टाकून आले.

स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्यांनी ऐकलं. “बेअरिंग—”

“काका, नवी डिस्क बसवायचीय.”

“तेच म्हन्तोय मी. पोरी, आधी मिसळनाचा डबा दे. रिकामा करून.”

लॅपटॉपचे स्क्रू हरवू नयेत म्हणून ते मिसळणाच्या डब्यातच ठेवायचे. मागचे स्क्रू जिऱ्याच्या वाटीत, मधले मोहरीच्या, बारके मेथीच्या. हळदीची वाटी मोकळी, कारण हळद कितीही धुतली तरी राडा होतो. गल्लीतल्या एका घरी पुढे आमटीत स्क्रू निघाला होता, पण त्या लोकांनी मोठ्या मनाने तो परत आणून दिला.

“लाईन कट!” असं मोठ्याने ओरडून त्यांनी बॅटरीची पिन काढली. मग नवी डिस्क पाकिटातून बाहेर आली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती वस्तू तळहातावर घेऊन काका बघतच राहिले.

“एवढीशी? आन ही लॅपटॉप वढनार?”

“जुनी राहू द्यायची आत, काका. फोटो वगैरे सांभाळायला. सुरू मात्र हिच्यावरून करायचा.”

“म्हंजे जुनी पेन्शनीत. बसून गोदाम राखायचं,” काका म्हणाले. पेन्शन हा शब्द उच्चारताना ते जरा हळवे झाले. मग एकदम मान वर करून म्हणाले, “वहिनी, हळदकुंकू आना. आमच्यात मोळीची पूजा केल्याबिगर गव्हाणीत टाकत न्हाईत.”

हे आमच्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, तुमच्यासाठी सांगते. गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा उसाच्या पहिल्या मोळीची पूजा होते, मग ती गव्हाणीत टाकतात, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, आणि कारखाना धडधडायला लागतो. काकांनी आयुष्यभर दरवर्षी हे पाहिलं होतं. त्यांच्या लेखी पूजेशिवाय सुरू झालेलं यंत्र म्हणजे नुसतं लोखंड.

सासूबाई तर अशा कामाला एका पायावर तयार. ताटलीत डिस्क ठेवली, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मी पण हात जोडले. माझ्या नोकरीचा प्रश्न होता, मी ताटलीतल्या फुलालाही नमस्कार केला असता. काकांनी डिस्क फुंकून साफ केली, फटीत तिरकी घातली, दाबून आडवी केली आणि वर इवलासा स्क्रू पिळला. सिस्टीम टाकायचा पेनड्राइव्ह लावला.

“टाका मोळी!” काका गरजले. मी बटण दाबलं.

सिस्टीम कुठे टाकायची ते पडद्यावर विचारलं गेलं आणि खाली एकच डिस्क दिसली. जुनी. नवीचा पत्ता नव्हता. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर डिस्कजवळ टेकवला, डोळे मिटले, हात वर केला. बराच वेळ ते तसेच बसले आणि मग हात खाली आला.

“हिला बेअरिंगच न्हाई,” ते म्हणाले. इतक्या हळू मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं. “कशावरून वळखायचं मंग?”

जुन्या डिस्कवर लॅपटॉप चालला असता, पण उद्या तासाला सकाळसारखाच गोठला असता. मला रडू यायला लागलं. काकांनी मान खाली घालून डिस्क काढली आणि सासूबाईंच्या हातात दिली, जणू आता तुम्हीच काय ते बघा. सासूबाईंनी वाती वळायचा चष्मा लावला.

“अवो भाऊजी, हिच्या दातात कुंकू अडकलंय की!”

खरंच. डिस्कच्या टोकाला सोनेरी दात असतात, त्यांनीच ती लॅपटॉपला चिकटते. त्या दातांवर सासूबाईंचं खास देवीच्या जत्रेतलं कुंकू ओलसर हळदीत कालवून छान बसलं होतं. एवढी भक्तिभावाने घातलेली डिस्क लॅपटॉपला दिसेल कशी?

काका आधी टकमक बघत राहिले आणि मग जे हसायला लागले, ते थांबेनात. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी रडतच होते, त्यात हसायला लागले, त्यामुळे मला ठसका लागला. “मोळीनंच गव्हान जाम केली!” एवढंच काका मधून मधून म्हणत होते.

मुलीच्या दप्तरातून खोडरबर आणलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. त्याने काकांनी एकेक दात घासला. बाळाचे दुधाचे दात घासावेत इतक्या हलक्या हाताने. परत बसवली, परत मोळीची आरोळी, आणि पडद्यावर दोन डिस्का! सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. सिस्टीम चढली, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि मी सवयीने कुकर लावायला उठले तर गॅस पेटायच्या आत काका ओरडले, “अगं ये, ये! चालू झाला बी!”

मग ते गंभीर झाले. पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर कानाला.

“चालू हाय ना?”

“आहे की, काका.”

“मंग आवाज?”

“हिला आवाज नसतोच.”

“तुला बी येत न्हाई?” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“मलाही नाही.”

“खरं सांग.”

“खरंच नाही, काका.”

त्यांनी सुस्कारा सोडला. “मला वाटलं, माजंच ऱ्हायलेलं बी गेलं.” तेव्हा मला कळलं की या माणसाला कशाची भीती वाटते. मला एकदम त्यांचा हात धरावासा वाटला, पण ते स्क्रू मोजायला लागले होते. झाकण लावण्याआधी त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, कुंकवाचं एक बोट लावलं. “पुसलेलं बरं न्हाई. हितं कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला. लॅपटॉप लोण्यासारखा चालत होता. माझी जीभ मात्र चालेना. त्यात हंगामाचे दिवस, आमच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि वर कानठळ्या बसवणारी गाणी. एक ट्रॅक्टर गाणं घेऊन येताना ऐकू आला. मी डोळे मिटले. आणि अचानक गाणं बंद झालं. त्याऐवजी काकांचा आवाज आला, “बंद कर ते! आत आमच्या पोरीची परीक्षा चालू हाय!”

“काका, मी कवाच बंद केलंय!” ड्रायव्हर ओरडला.

“काय?”

“बंद केलंय!”

“मंग मोठ्यानं सांग की!”

पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या, “हे काय चाललंय?” मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या, बाकीचे हसले, मीही हसले, आणि त्यानंतर मी जे शिकवायला लागले ते मला थांबवावं लागलं. नोकरी मिळाली. पेढे घेऊन गेले तर काका म्हणाले, “ट्रॅक्टरवाल्याला बी दे, गरीब हुता.”

काका गेल्या पावसाळ्यात गेले. कारखाना बंद होता. हंगाम चालू असता तर ते हलले नसते, असं सासूबाई म्हणाल्या आणि आम्ही दोघी त्याही वेळी हसलो. मला त्यांची फार आठवण येते. यंत्र बिघडलं की तर येतेच.

परवा लॅपटॉप घरघरायला लागला म्हणून नगरच्या एका दुकानात नेला. दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी झाकण काढलं. “मॅडम, हे आत लाल काय लागलंय? पुसून घेऊ?”

“नको. राहू द्या.”

त्यांनी आतला पंखा बोटाने फिरवून पाहिला, कान जवळ नेला आणि म्हणाल्या, “बेअरिंग गेलंय.”

मी भर दुकानात अशी हसत सुटले की त्या बाई खुर्ची सरकवून मागे झाल्या. घरी जाऊन कधी एकदा काकांना हे सांगते, असं मला झालं. एसटीत बसले तेव्हाही तेच मनात होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तसंच राहिलं.