शेवटच्या वळणावरचा हॉर्न

मी त्याला ओळखत होतो असं म्हणवत नाही. दोन-अडीच वर्षं त्याच्या शेजारच्या सीटवर बसून फिरलो. तो जे बोलला ते मी लोकांना त्यांच्या भाषेत सांगितलं, लोक जे बोलले ते त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. पण ती सगळी दुसऱ्यांची बोलणी. त्याला भावंडं किती, आईला तो काय म्हणून हाक मारायचा, एवढ्या लांब परमुलखात यायचं त्याच्या डोक्यात कोणी भरवलं, यातलं मला काहीच ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. शाळेत पोरांना प्रश्न विचारायचीसुद्धा मला भीड वाटायची, तर याला काय विचारणार? आता प्रार्थनाघराची माहिती सांगणारं एक लहानसं पुस्तक निघतं आहे. त्यांचा माणूस घरी येऊन म्हणाला, "मास्तर, तुम्हीच लिहा, त्यांच्याबरोबर फिरलेलं दुसरं कोणी उरलं नाही." म्हणून लिहितो. जास्त झालं तर खुशाल खोडावं.

हा परदेशी पाद्री आला तेव्हा पोरगेलाच होता. कान बाहेर आलेले, उन्हानं नाकाची साल निघालेली. जंगलाच्या रस्त्यावरच्या वस्त्यांमध्ये जाऊन प्रार्थना घ्यायची, आजाऱ्यांना भेटायचं, एवढं काम त्याला दिलं होतं. आमची भाषा तो येताना एका पुस्तकावरून शिकला होता. ते पुस्तक फारच सभ्य माणसानं लिहिलेलं असावं, कारण हा सगळ्यांनाच 'आपण' म्हणायचा. पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा माझ्या बायकोला म्हणाला, "आपण मला पाणी द्याल का?" तिनं मागं वळून बघितलं, आणखी कोण आलं म्हणून. तो गेल्यावर मला म्हणाली, "इतकी वर्षं झाली लग्नाला. या घरात मला आपण म्हणणारा हा पहिला पुरुष." पुढे आठवडाभर मला तेच ऐकावं लागलं.

त्या 'आपण'च्या पुढे मात्र त्याची गाडी फारशी सरकत नसे, म्हणून मी बरोबर लागायचो. मी त्याला काय म्हणून हाक मारावी ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून कधी हाक मारलीच नाही.

गावाबाहेर लाकडाच्या वखारीपर्यंत डांबर होतं. तिथून पुढे खडी, आणि पूल ओलांडला की नुसती लाल माती. जीप जुनी. माझ्या बाजूचं दार दोरीनं बांधलेलं, वरचं कापड त्याच्या डोक्यावर नेमकं फाटलेलं. पावसाळ्यात मी आतल्या आत छत्री उघडून दोघांवर धरायचो. बायको म्हणायची, "घरात एकच छत्री, तीही पाद्र्याच्या डोक्यावर."

त्याच्या देशात रस्त्यावर आडवं येणारं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे गाय, असं तो सांगायचा. त्यामुळे सुरुवातीला त्याला कशाचंही अप्रूप. माकडांनी जीपच्या वायपरचं रबर ओढून नेलं तर हा टाळ्या वाजवतोय. एकदा वळणावर अजगर पडला होता, तोंड एका झुडपात, शेपूट दुसऱ्या झुडपात. यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चांगला लांब उभा राहून म्हणाला, "आपलं सावकाश होऊ द्या. आम्हाला घाई नाही." अजगरानं त्याचं ऐकलं. आम्हाला प्रार्थनेला इतका उशीर झाला की लोक जेवून झोपले होते.

पण रस्ता माणसाला हळूहळू खातो. धूळ, खड्डे, मधूनमधून येणारा ताप. दुसऱ्या वर्षी तो उतरेनासा झाला. रानडुकरं आडवी आली की इंजिन बंद करायचा, मान मागे टाकून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "गेली की सांगा, मास्तर." मी सांगायचो. मग आम्ही पुढे जायचो. त्या वयाच्या माणसाचा चेहरा इतका दमलेला मी तोवर बघितला नव्हता.

बाकीच्या वस्त्या आधीच्या पाद्र्यांनी जोडलेल्या. रस्ता जिथं संपतो तिथली शेवटची वस्ती मात्र याची स्वतःची. तिथल्या एका म्हातारीनं त्याला बोलावलं होतं. सगळी वस्ती तिला आजी म्हणायची, म्हणून आम्हीही आजीच म्हणायला लागलो. पहिल्या भेटीतच तिनं त्याला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाली, "याला विचार, हा दर रविवारी येणार का? याच्या आधी एक आला होता, तोही येतो म्हणाला होता. वाट बघून डोळे गेले माझे."

मी विचारलं. तो म्हणाला, "येईन. दर रविवारी."

"बघ हं," आजी म्हणाली. "माझं वय आता खोटं ऐकून घ्यायचं राहिलं नाही."

तो तिथून निघताना "जातो" म्हणाला, तेव्हा आजीनं त्याच्या हातावर चापटी मारली. "जातो म्हणू नये रे बाळा. येतो म्हणावं." त्याच्या पुस्तकात ते नव्हतं.

त्या लोकांची शेतं लांब लांब पसरलेली, घड्याळ कोणाकडे नाही. मग आजीनंच तोड काढली. शेवटच्या वळणावर आलं की यानं तीनदा लांब हॉर्न वाजवायचा. तो ऐकला की लोक हातपाय धुऊन निघत आणि आजी चूल पेटवत असे. प्रार्थना झाली की सगळ्यांनी मिळून जेवायचं. हा रिकाम्या हातानं कसा जाणार? दर रविवारी बाजारातून केळ्यांचा घड घेऊन जाई. ज्या छपराखाली प्रार्थना व्हायची त्याच्या मागच्या खड्ड्यात साली आणि फार पिकलेली केळी पडत. वर्षभर हे सुरळीत चाललं. ताप असला तरी तो गेला, पुलावर पाणी असलं तर ओसरेपर्यंत थांबून गेला. इतर वस्त्या एखाद्या वेळी राहिल्या असतील, आजीची कधी राहिली नाही.

एका रविवारी मी त्याचं वाक्य अर्धं सांगून थांबलो, कारण समोरचं कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या मागे बघत होते. मी वळलो तर खड्ड्यापाशी हत्ती. एकटाच, डावा कान फाटलेला. वस्तीतले लोक त्याला ओळखत होते, फाटक्या म्हणत होते. तो रानात फिरायचा, वस्तीत कधी आला नव्हता. शांतपणे साली उचलून खात होता.

आजी हळूच म्हणाली, "चला, आज एक माणूस वाढला."

हे मी त्याला सांगितलं. तोंडावर हात दाबून तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. कित्येक दिवसांनी हसला होता.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर फाटक्या आमच्या आधीच येऊन उभा. त्याच्या पुढच्याही. मग आजीच्या मुलाच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "हॉर्न ऐकून येतोय हा. आम्ही शेतातून येतो, हा रानातून येतो."

केळी बंद केली. खड्डा बुजवला. पण ते फाटक्याला कोण सांगणार? हॉर्न वाजला की तो यायचा आणि काही मिळालं नाही की चिडायचा. एकदा छपराचा कोपरा ओढून खाली पाडला. मग धान्याची कणगी फोडली. आणि एका रविवारी हॉर्न ऐकून आजीची सून ओढ्यावरून घागर घेऊन येत होती, तर तो समोरून आला. ती पळाली, घसरली, हात मोडला. यानंच तिला जीपमधून दवाखान्यात नेलं. हाड बसेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होता. मी चहा आणून दिला, तो हातात धरून गार केला.

त्यानंतर हॉर्न बंद. पण हॉर्न नाही तर लोकांना कळणार कसं? आम्ही जाऊन नुसतेच छपराखाली बसायचो. कोणी फिरकलं तर फिरकलं. फाटक्या मात्र यायचा. त्या रस्त्यानं आमच्याशिवाय दुसरी गाडी जात नसे, त्यामुळे त्याला आता इंजिनाचा आवाजही पाठ झाला होता. ज्यांना बोलवायचं ते येईनात, आणि ज्याला नको तो हजर.

मग हा मला म्हणाला, पुलापाशी जीप ठेवू आणि पायी जाऊ. मी हे आजीच्या मुलाला सांगितलं.

"पायी या म्हणावं," मुलगा म्हणाला. "म्हणजे पुढच्या वेळी आम्हाला तुम्हा दोघांची हाडं वेचायला यावं लागेल. आधीच एक हात मोडलाय घरात."

मी त्याला सांगितलं, "ते म्हणतात, रस्ता बरा नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, ते याच्यापेक्षा जास्त बोलले."

"मोठ्यानं बोलले," मी म्हणालो.

घरी बायकोनं विचारलं, "पण ते पोर ऐकत का नाही? दुसऱ्या वस्त्या आहेत की."

"आजीला येतो म्हणालाय तो."

"मग तिनंच सोडवायला हवं त्याला," बायको म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

आजीला ते कळलं होतं की काय, कोण जाणे. पुढच्या रविवारी छपराखाली ती एकटीच बसली होती. चूल पेटवलेली नव्हती. याला शेजारी बसवलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी नेहमीसारखा बाजूला उभा, तोंड उघडायच्या तयारीत.

"किती वाळलास रे," ती म्हणाली. "आईनं बघितलं तर मला शिव्या घालील."

मी सांगायला लागलो तर त्यानं हातानं मला थांबवलं.

"तू आलास," आजी म्हणाली. "एक रविवार चुकवला नाहीस. मी खोटं ऐकलं नाही. आता बाळा, येऊ नकोस. सुनेचं पोट वाढतंय, तिला पळवत नाही. येऊ नकोस आता."

मी तोंड उघडलं. "नको, मास्तर," तो म्हणाला. "कळलं."

त्या सगळ्या काळात माझ्याशिवाय त्याला कळलेलं एवढंच. तो उठला, वाकून तिचे हात हातात घेतले आणि तसाच उभा राहिला. निघताना काय म्हणायचं ते त्याला सुचत नसावं. जे शिकवलं होतं ते आता म्हणता येत नव्हतं.

आजीनंच सांगितलं. "येतो म्हण आणि जा."

"येतो," तो म्हणाला.

परतताना ओढ्याच्या अलीकडे फाटक्या रस्त्याच्या मधोमध उभा होता. यानं इंजिन बंद केलं. ऊन कलत आलं होतं, माशा घोंघावत होत्या. हत्ती आमच्याकडे बघतोय, आम्ही हत्तीकडे. कोणालाच घाई नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की हा हत्तीकडे बघतच नाहीये. त्याची मान हळूहळू पुढे कलत होती. इतका थकला होता की कपाळ टेकायला स्टिअरिंगकडे चालला होता, आणि हॉर्नचं बटण नेमकं मध्ये. मी घाईनं हात पुढे केला. त्याचं कपाळ माझ्या तळहातावर टेकलं. कपाळ तापलं होतं. त्यानं मान उचलली नाही, मीही हात काढला नाही. बोट हललं तर बटण दाबलं जाईल म्हणून मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

फाटक्या जवळ आला. मागच्या बाजूनं सोंड आत घातली, केळ्यांचं जुनं रिकामं पोतं उचललं, हुंगलं आणि टाकून दिलं. जीप एकदा डुलली. मग तो बाजूच्या बांबूत शिरला. मोडणाऱ्या फांद्यांचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

"गेला," मी म्हणालो.

"आता बोलावणार नाही म्हणावं त्याला," तो म्हणाला. ते मला कोणत्या भाषेत सांगायचं होतं, देव जाणे. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. त्यानं इंजिन सुरू केलं.

पावसाळा लागला तसं त्याला परत बोलावून घेतलं. त्यानं मागून घेतलं की वरच्यांनी ठरवलं, मला माहीत नाही. कोणी म्हणालं तब्येत, कोणी म्हणालं दुसरं काम. नंतर तो कुठे गेला, आता आहे की नाही, तेही ठाऊक नाही. आजी पुढची सुगी बघून गेली. सुनेला मुलगी झाली. हे त्याला कळवावं असं बरेच दिवस मनात होतं.

तो निघाला त्या सकाळी पाऊस पडत होता. आमच्या घरासमोर जीप थांबवली. बायकोनं पाण्याचा तांब्या दिला, तो उभ्यानंच प्यायला आणि तिला म्हणाला, "आपण फार चांगल्या आहात." ती आत निघून गेली. आम्ही दोघं पायरीवर उभे राहिलो. मला काही बोलायचं होतं, पण आयुष्यभर दुसऱ्याचंच सांगितलं, स्वतःचं काय सांगायचं ते जमेना. शेवटी तो जीपमध्ये बसला. वरचं कापड अजून फाटलेलंच होतं. सीटच्या मागून त्यानं माझी छत्री काढली आणि बाहेर धरली.

"मास्तर, आपली छत्री."

"राहू द्या. घरात दुसरी आहे."

"बरं. येतो."

"या."