मालतीचा नमुना
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

परभणीत आमचा फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, वर आम्ही. रंगीत फोटोंची तेव्हा नवलाई होती आणि आमचे हे ते स्वतः अंधाऱ्या खोलीत छापायचे. रंग दर वेळी सारखे यावेत म्हणून टेबलाशी एक नमुन्याचा फोटो लावलेला असे. नवा फोटो त्याच्या शेजारी धरायचा, ताडून पाहायचा, रंग कमी-जास्त करायचा. गालाचा रंग, कुंकू, हिरवी चोळी, पांढरा गजरा — सगळं त्या एका फोटोत होतं.

फोटो मालतीचा. मालती म्हणजे यांच्या वालूरच्या मामांची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करतात. हिचंही यांच्याशी जवळजवळ ठरलंच होतं. मग मामांनी तिला नांदेडच्या एका कारकुनाला दिलं, आणि मी आले. आता तुम्हीच सांगा — नवरा दिवसभर त्याच बाईच्या गालाकडे डोळे बारीक करून बघतो, साऱ्या परभणीच्या नवऱ्या तिच्या रंगाला आणून बसवतो — जळणार नाही का कुणी? माझ्या तर अंगाची लाही लाही व्हायची. "दुसरा फोटो लावा की," म्हटलं, तर हे हसले. "अगं, तोंड कोण बघतंय? मी रंग बघायलोय."

मला ते खरं वाटलं नाही. की वाटलं होतं — आणि तरीही?

विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव बंद होतं, त्या दिवशी मी पहिल्यांदा तो फोटो गच्चीवर उन्हात ठेवला. मग उन्हाळाभर तेच. हे जेवून लवंडले की फोटो वर, उठायच्या आत परत जागेवर. मालतीचा रंग उतरत गेला. इतका हळू, की रोज बघणाऱ्या यांना कळलंच नाही.

लग्नसराईतला एक अल्बम घेऊन पेडगावची माणसं परत आली. "आमची पोरगी कावीळ झाल्यावानी दिसायलीय की हो!" नवरीची आई रडायलाच लागली. हे पुन्हापुन्हा नमुन्याशी ताडून बघत राहिले. रंग तर जुळत होता. शेवटी मला हाक मारली. "तू बघ बरं. हा नमुना होता तसाच हाय ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. विचारलंच होतं की त्यांनी. मी म्हणाले, "होता तसाच हाय."

"मग माझे डोळेच गेले," हे म्हणाले.

डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. यांनी मानलं नाही. छपाईचं यंत्र विकून टाकलं. रोल धुवायला-छापायला नांदेडला जायला लागले, आणि हे काउंटरवर बसून पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं घालायला लागले. मालतीचा फोटोही यांनीच काढून टाकला. मला बरं वाटलं — हो, वाटलं.

आजही कापड घ्यायला गेलो, की हे थान माझ्यापुढं धरतात. "खरा रंग कोणता गं हा? तूच सांग."

मी सांगते. हे मान डोलावतात.