मामांनी पत्ते पिसले तेव्हा

वर्गात पन्नास पोरांपुढं माझं तोंड दिवसभर चालतं, पण तेलगावला सासुरवाडीत पाऊल टाकलं की जीभ टाळ्याला चिकटते. लग्नाला सहा वर्षं झाली तरी हेच. धाकटा साडू ऊस, कारखाना, निवडणूक असा गप्पांचा फड रंगवतो आणि मी सतरंजीच्या रेघा मोजत बसतो. घरचे मला गर्विष्ठ समजतात, असं बायकोनं एकदा सांगितलं, तेव्हा मला राग आला आणि रडूही आलं. गर्व कसला डोंबलाचा, इथं घाम पुसताना रुमाल पुरत नव्हता.

अशात धोंड्याचा महिना आला. सगळ्या जावयांना पुरणाचे धोंडे खायला बोलावणं. आमच्या केजच्या शाळेतले शिपाई पत्त्यांची एक जादू करायचे, त्यांना गाठलं. गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा पत्ता आपण गुपचूप बघून ठेवायचा. समोरच्यानं मनानं एक पत्ता काढून, बघून, गठ्ठ्यावर ठेवायचा. मग गठ्ठा मधून कापून खालचा भाग वर ठेवला, की आपला पत्ता नेमका त्याच्या पत्त्यावर येऊन बसतो. वरून एकेक उलटत जायचं. आपल्या पत्त्यामागून येईल तो त्याचा. बोलावं फार लागत नाही, हा तिचा मोठा गुण. मधल्या सुट्टीत रोज घोकली. घरी बायकोचा पत्ता अकरा वेळा ओळखला, बाराव्या वेळी तिनं हात जोडले.

तेलगावात जेवणं झाली, सगळे बैठकीत लवंडले. मी धीर करून मामांना, म्हणजे सासऱ्यांना, पत्ते मागितले. मामा पारावरच्या मेंढीकोटातले जुने गडी, पत्ते घरात होतेच. मी खालचा पत्ता गुपचूप बघून ठेवला. त्यांनी एक पत्ता काढला, पाहिला, गठ्ठ्यावर ठेवला. मी गठ्ठा कापला आणि त्यांनाही एकदा कापायला सांगितलं. मामांनी गठ्ठा उचलला आणि कापायच्या ऐवजी फर्रकन पिसला. एकदा नाही, तीनदा. हातात पत्ते आले की पिसायचेच, ही त्यांच्या बोटांची जन्माची सवय.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी पत्ते उलटत गेलो, माझा किलवरचा गुलाम आला, त्यामागून चौकट नव्वी आली. ती मी पुढं धरली. मामांनी नाही म्हणून मान हलवली. साडू फिस्सकन हसला. माझ्या हातातले उरलेले पत्ते सतरंजीवर सांडले. मामा मात्र माझ्या हाताकडंच बघत होते.

"पाव्हणं, हात कावून थरथरायलाय?"

आता खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "मामा, मला भीती वाटते. इथं आलं की बोलताच येत नाही. म्हणून ही जादू शिकलो."

मामांनी एकेक पत्ता गोळा केला.

"आन् आमी समजायलो, तुमी लग्नातल्या मानपानावरून रुसलाव. तुमच्यासंगं काय बोलावं, मला सुधरत न्हवतं. लई भ्या वाटायचं तुमचं."

सहा वर्षं आम्ही दोघंही एकमेकांना घाबरून बसलो होतो. मला इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना. मामाही हसले आणि जादू शिकवा म्हणून मागं लागले. संध्याकाळपर्यंत आमची तालीम चालली, चहा दोनदा निवला. निघताना बायकोला मला हाताला धरून उठवावं लागलं, कारण घाई तिलाच होती, मला नव्हती.

दिवाळीला गेलो तेव्हा मामांनी साडूसमोर मला पत्ता काढायला लावला. मी तो पाहिला, गठ्ठ्यावर ठेवला. मामांनी गठ्ठा कापून माझ्यापुढं सरकवला. "घ्या, कापा आता तुमी," म्हणाले, आणि त्यांचा हात थरथरताना दिसला. मी पत्ते एकदाच कापले आणि त्यांच्या हातात दिले.