बोलण्याचे पैसे

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची चाळीस वर्षं जळगावच्या बाजारात मापाडी होतो. काट्यावर पोतं चढलं की मोठ्यानं मोजणी पुकारायची, एवढंच काम. त्यात पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. ती सवय अशी लागली की ताटात पहिली भाकरी पडली तरी तोंडातून लाभ निघायचं. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात नर्सनं येऊन सांगितलं, आणि मी लाभ म्हणालो. नर्सला वाटलं भला माणूस आहे. बायकोला खरं काय ते माहीत होतं.

बायको शिंदखेड्याकडची, सातवी पास, माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढे. तो तोरा तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. मी घरी आलो की बाजारातल्या गमती रंगवून सांगायचो. ती धुणं चोळत ऐकायची आणि म्हणायची की तुमच्या या बडबडीला बाजारात भाव नाही. एकदा मी म्हणालो, अगं, माझ्या तोंडाचेच तर मला पैसे मिळतात. तिनं मान वर न करता उत्तर दिलं.

"त्या वरडाना पैसा शेतस. बोलाना जवय कोन्ही दी, तवय माले सांगजा."

म्हणजे ते ओरडण्याचे. बोलण्याचे कोणी देईल तेव्हा मला सांगा.

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. घरात ऐकणारं कोणी उरलं नाही म्हणून मी वहीत लिहायला लागलो. बायको गेल्यावर भाकरी थापायला शिकणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट लिहिली. सहा पानं झाली. वाचून बघितली तर बरी वाटली, आणि मग तिचं ते वाक्य डोक्यात बसलं. आता ही गोष्ट नुसती छापून आणायची नव्हती. पैसे देणाऱ्याकडेच छापून आणायची होती.

वाचनालयात गेलो आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा पुढे ओढला. प्रत्येक अंकात पहिल्या पानांवर संपादकाचा फोन असतो. एकेकाला फोन लावला आणि नमस्काराच्या आधी विचारलं, गोष्टीचे पैसे देता का? एक म्हणाला, ही साहित्याची सेवा आहे. मी म्हणालो, मग अंक फुकट वाटता का? त्यानं फोन ठेवला. दुसरा म्हणाला, आधी वर्गणीदार व्हा. तिसऱ्याला मीच दहा अंक विकत घ्यावे असं वाटत होतं. मी त्याला म्हणालो, भाऊ, पोतं उचलायला हमालच पैसे भरतो असा बाजार मला दाखव, मी यायला तयार आहे. चौथा म्हणाला, मानधन देतो. केव्हा, विचारलं, तर त्याला खोकला आला.

पंधरा दिवस असे गेल्यावर माझी चूक माझ्याच ध्यानात आली. घेणाऱ्याला भाव विचारून काय उपयोग? माल विकून घरी निघालेल्याला विचारायचा. पुष्कळ अंकांत गोष्टीच्या खाली लेखकाचा फोन छापतात. मग संपादक सोडले आणि लेखकांना धरलं. बहुतेक जण आडून आडून बोलले. शिरपूरच्या एक निवृत्त शिक्षिका मात्र सरळ होत्या. त्या म्हणाल्या, आबा, माझ्या बारा गोष्टी छापून आल्या आणि पैसे एकानंच दिले. उशिरा देतो, पण देतो. त्यांनी नाव सांगितलं. ते मी वहीत लिहून घेतलं आणि बाकीची यादी फाडली.

मुलगी धुळ्याला दिली आहे. ती आली तेव्हा तिनं सहाही पानांचे फोटो काढून त्या संपादकाला मोबाइलवर पाठवले. पानं सुटली तर गोंधळ नको म्हणून मी प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा घातला होता.

महिनाभरानं फोन आला. संपादक खूश होता. गोष्ट घेतली म्हणाला. त्यातही नाव फार आवडलं, असं दोनदा म्हणाला.

मी विचारलं, "कसलं नाव?"

"लाभ. सगळी गोष्ट नुकसानीची आणि वर लिहिलंय लाभ. आबा, हे सुचलं कसं तुम्हाला?"

मी वही उघडून बघितली. पहिल्या पानावर मधोमध, ठळक, लाभ. दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. गोष्टीला नाव द्यायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मुलीनं फोटो काढताना बघितलं असणारच, पण ती मापाड्याची पोर, तिला त्यात वेगळं काय दिसणार?

मी म्हणालो, "सुचलं नाही. तो पानाचा नंबर आहे."

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. नाव तेच ठेवतो म्हणाला. मी म्हणालो, ठेवा, पण पैसे? देऊ, उशीर होईल, म्हणाला. शिरपूरच्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या.

अंक दिवाळीत आला. पैसे आले ते हरभरा बाजारात यायला लागला तेव्हा, होळीच्या सुमारास. मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. मोबाइल वाजला, बँकेचा इंग्रजी मेसेज शेजारच्याकडून वाचून घेतला आणि अर्धा चहा तसाच सोडून घराकडे निघालो. या वयात इतका भराभर चाललो नव्हतो. वाटेत वाक्यही जुळवलं होतं, की बाईसाहेब, आजपासून धुणं थांबवून ऐकायचं. दारापर्यंत पोचलो आणि कुलूप दिसलं. खिशात किल्ली होती, मीच लावून गेलो होतो.

त्या दिवशी भाकरी एकच केली. रोज एकच करतो. लाभ म्हणतो, आणि मोजणी तिथंच संपते.

मुलगी म्हणते, आईच्या फोटोला सांगा. मी फोटोशी बोलणारा माणूस नाही. फोटो उलटून बोलत नाही, मग मजा काय? पण सांगजा म्हणाली होती ती, आणि सांगायचं राहिलं तर तिचंच खरं ठरेल. म्हणून हे सगळं इथं लिहिलं आहे. या लिखाणाचे पैसे मिळणार का, ते संपादकाला आधीच विचारून घेतलं.

देणार आहे. उशिरा.