आत्याची बैठक

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि कॉलेजच्या फळ्यावर इंटर्नशिपची यादी लागली. कुणाला मोटारींचा कारखाना मिळाला होता, कुणाला वीजकेंद्र, एकाला तर चक्क विमानांची इंजिनं दुरुस्त करणारी कंपनी. टेपूच्या नावापुढे लिहिलं होतं: खुर्च्यांचा कारखाना, चाचणी विभाग, आठ आठवडे.

टेपू हे तिचं घरचं नाव. लहानपणी आईची शिवणकामाची टेप गळ्यात अडकवून ती घरभर मोजत फिरायची. दाराची उंची, बाबांचं कपाळ, मांजराची शेपटी. मांजराने ओरबाडलं तरी शेपटीचा आकडा घेतल्याशिवाय तिने हात सोडला नव्हता, असं आई अजून सांगते. अशी मुलगी मेकॅनिकलला गेली याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण खुर्च्या?

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी हसू दिसू नये म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आत्याला असला आडपडदा ठाऊक नव्हता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी बेजार आणि जिभेने ठणठणीत. ती म्हणाली, "बसायलाच शिकायचं होतं तर तीन वर्षं कॉलेजात कशाला घालवलीस? मी घरीच शिकवलं असतं."

चाचणी विभाग कारखान्याच्या पार मागच्या अंगाला होता. एक लांबोडकी खोली, वर पत्रा, आत प्लायवूडचा आणि वंगणाचा वास. तिथले प्रमुख बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली खोचलेले गृहस्थ होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. आणि मास्तरांचा जीव होता तो जाडोबावर.

जाडोबा हे यंत्र होतं. लोखंडी सांगाड्याला टांगलेलं, वाळूने गच्च भरलेलं एक चामडी गाठोडं. मोटर ते उचलायची आणि खालच्या खुर्चीवर सोडायची. ठप्. मिनिटाला वीस वेळा, दिवसभर. पन्नास हजार बैठका झाल्या आणि खुर्ची शाबूत राहिली की मास्तर तिच्या पाठीवर शिक्का मारायचे. जाडोबाने पास केलेली एकही खुर्ची अकरा वर्षांत मोडलेली नाही, हे त्यांनी टेपूला पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं.

तिचं काम असं की दर तासाला आकडा लिहायचा, भिंगातून सांधे बघायचे, स्क्रू सैल झालेत का ते चाचपायचं. पहिल्या आठवड्यात त्या ठप्-ठप्ने तिच्या डोळ्यांवर झापड यायची. एकदा तर ती वहीवर डोकं टेकून गाढ झोपली. मास्तरांनी फक्त यंत्र बंद केलं, आणि आवाज थांबल्याबरोबर ती दचकून उठली. तेव्हा कुठे ते हसले. पाळण्यातल्या पोराचंही असंच असतं म्हणाले.

त्या दिवसापासून दोघांचं सूत जमलं. नखाने टिचकी मारून पाइपातली चीर कशी ऐकायची, वेल्डिंगच्या रेघेवरून वेल्डरचा हात घाईत होता की निवांत हे कसं ओळखायचं, असं एकेक ते दाखवत गेले. टेपूला चटकच लागली. घरी आल्या आल्या ती दिसेल ती खुर्ची उलटी करायची. पाहुण्यांना उभं राहावं लागतं म्हणून आई करवादायची.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. शहरातल्या एका वाचनालयाने कारखान्याकडून दोनशे खुर्च्या घेतल्या होत्या. ग्रंथपालबाईंनी लिहिलं होतं की खुर्च्या मजबूत आहेत, देखण्या आहेत, पण त्या बोलतात. वाचनकक्षात कुणी जरा हललं की कर्र होतं आणि साठ माना वर होतात. एक वयस्कर सभासद तर आता उभ्यानेच वाचतात.

मास्तरांना ते फार लागलं. त्यांनी चार खुर्च्या परत मागवल्या आणि तीन दिवस जाडोबाला त्यांवर बसवलं. हूं नाही की चूं नाही. मग ते कारखान्याच्या मॅनेजरबाईंना म्हणाले की खुर्ची निर्दोष आहे, वाचणाऱ्यांचे कान नाजूक आहेत. मॅनेजरबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी टेपूला बोलावलं आणि दोन दिवस वाचनालयात जाऊन नुसतं बसायला आणि ऐकायला सांगितलं.

टेपू कोपऱ्यातलं टेबल धरून बसली. समोर पुस्तक उघडं, त्याच्याआड वही. दोन दिवसांत तिने एकशे त्रेचाळीस माणसं बसताना पाहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण आजवर बसणारं माणूस पाहिलंच नव्हतं. जाडोबासारखं सरळ वरून खाली कुणीच येत नव्हतं. एक पोरगा खुर्चीला उलटा पाय टाकून घोड्यावर बसावं तसा बसला. एका बाईंनी आधी पिशवी पाठीला अडकवली, मग ती पुन्हा काढायला वळल्या, मग पुन्हा अडकवायला. मागच्या दोन पायांवर झुलणारे होते, खुर्ची ओढत ओढतच तिच्यावर टेकणारे होते. कर्र आवाज अधूनमधून यायचा, पण नेमका कशाने ते हाती लागत नव्हतं. तिने स्वतः सतरा तऱ्हांनी बसून पाहिलं. ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघू लागल्या, तेव्हा तिने आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी हिरमुसून बसली होती. आई पानं घेत होती. आत्या आली, एका हाताने खुर्चीची पाठ धरली, दुखऱ्या गुडघ्याला सांभाळत आधी डाव्या अंगावर टेकली आणि मग सगळा भार तसाच घुसळत उजवीकडे नेऊन नीट बसली. टेपू ते जन्मापासून रोज बघत आली होती.

"आत्या, ऊठ बघू," ती म्हणाली. "आणि परत बस."

आत्या सात वेळा बसली. आठव्या वेळी तिने जेवण गार होतंय म्हणून साफ नकार दिला.

आत्याला कारखान्यात आणायचं हे मास्तरांना आधी पटेना. ही चाचणीची खोली आहे, घरच्या माणसांना बोलवायची बैठकीची खोली नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजरबाईंनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी आत्या शाळा तपासायला निघाल्यासारखी इस्त्रीच्या कपड्यांत, पर्स काखेत मारून कारखान्यात हजर झाली. जाडोबाकडे तिने नखशिखान्त पाहिलं आणि याला गुडघेच नाहीत, याला काय कळणार, असा शेरा मारला. मग वाचनालयातून आलेल्या खुर्चीची पाठ धरून ती आपल्या पद्धतीने बसली.

कर्रर्र.

आत्या उठली, दुसरीवर बसली. कर्रर्र. तिसरी गप्प राहिली, चौथी पुन्हा बोलली.

टेपूने मास्तरांकडे बघायचं टाळलं. अकरा वर्षांचा अभिमान असा कर्र करून जाताना कुणाच्या तोंडाकडे बघवणार? पण मास्तर सरळ जमिनीवर आडवे झाले, खुर्चीच्या बुडाशी कान नेला आणि म्हणाले, "ताई, तसंच परत एकदा बसता का? जरा सावकाश."

आत्या बसली. मग आणखी पाच वेळा बसली. "छत्तीस वर्षं पोरांना उठाबशा काढायला लावल्या," ती धापा टाकत म्हणाली, "आज सगळ्यांचे शाप भोवले." मास्तर जमिनीवर पडल्या पडल्याच हसू लागले. त्यांना असं हसताना कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या विभागातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

दोष सापडला. बैठकीची फळी पाइपाच्या चौकटीवर चार स्क्रूंनी बसवली होती. पुढच्या दोन कोपऱ्यांत मध्ये रबराची चकती होती, मागच्या कोपऱ्यांत नव्हती. बसणारा वळला की मागे लाकूड लोखंडावर घासायचं. जाडोबा कधी वळतच नसे.

टेपूला वाटलं, स्क्रू आणखी घट्ट आवळले की झालं. तिने स्प्रिंगचे वॉशर टाकून ते आवळले, आणि खुर्ची गप्प बसली. आत्यासारखं शंभरेक वेळा बसून झाल्यावर ती पुन्हा बोलायला लागली, आधीपेक्षा मोठ्याने. टेपूचा चेहरा एवढासा झाला. मास्तरांनी तिला चहा दिला आणि म्हणाले, "पहिल्याच उपायाने काम भागलं असतं तर मला इथे कुणी ठेवलं असतं का?" मग दोघांनी मागच्या कोपऱ्यांतही रबर लावून पाहिलं. एक जाडी जास्त झाली, फळी डुगडुगली. दुसरी कमी पडली. तिसरी नेमकी बसली.

गोष्ट तिथे संपायला हरकत नव्हती, पण मास्तरांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी टेपू आली तर ते जाडोबासमोर हाताची घडी घालून उभे होते.

"हा अकरा वर्षं सरळ बसला," ते म्हणाले, "म्हणून मी समजलो सगळं जग सरळच बसतं. याला वळायला शिकवू या."

त्यांनी भंगारातून गाडीच्या काचेचा वायपर फिरवणारी मोटर शोधून काढली. ती गाठोड्याच्या वर बसवायची, म्हणजे गाठोडं खुर्चीवर टेकलं की थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरेल. टेपूने आकृती काढली, हिशेब केले, आणि पहिल्या फेरीत जाडोबाने खुर्ची उचलून भिंतीवर भिरकावली. दुसऱ्या फेरीत खुर्ची तुरुतुरु चालत दारापर्यंत गेली. टेपूने आणि मास्तरांनी हातात हात घालून तिच्यामागे धावायचंच काय ते बाकी होतं. दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी गाठोडं डाव्या अंगावर टेकलं, घुसळत उजवीकडे गेलं, आणि रबर नसलेली खुर्ची कर्र म्हणाली. तो आवाज ऐकून दोघांना जितका आनंद झाला तितका कुणाला गाणं ऐकूनही झाला नसेल.

कारखान्याच्या पुस्तकात या नव्या चाचणीचं नाव 'वळती बैठक' असं लिहिलं गेलं. पण कारखान्यात सगळे तिला आत्याची बैठक म्हणू लागले. टेपूने घरी सांगितलं तेव्हा आत्याने फार मनावर न घेतल्यासारखं दाखवलं. मग आतल्या खोलीत जाऊन शाळेतल्या जुन्या तीन मैत्रिणींना फोन केले. दार लावायचं विसरली, त्यामुळे सगळ्यांनी ते ऐकलं. फोनवर बैठकीची कृती सांगता सांगता ती हुद्द्याने मुख्य सल्लागार झाली होती.

मधल्या काळात वाचनालयातल्या बाकीच्या खुर्च्याही कारखान्यात आणून दुरुस्त केल्या होत्या. आठव्या आठवड्यात, टेपूच्या शेवटच्या दिवशी, दोनशे खुर्च्या नव्या रबरांसह टेम्पोतून वाचनालयात परत गेल्या. मास्तर तिच्याबरोबर आले. दोघांनी मिळून निम्म्याअधिक खुर्च्यांवर आत्यासारखं बसून पाहिलं. एकही बोलली नाही. ग्रंथपालबाईंनी कागदावर सही केली. उभ्याने वाचणारे आजोबा शंका घेत घेत टेकले, हलले, आणखी जोरात हलले, आणि समाधानाने पुस्तकात शिरले.

मास्तर म्हणाले की खरी परीक्षा वाचतानाच होते. म्हणून त्यांनी जवळच्या कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि खिडकीजवळ बसले. पुस्तक समुद्रप्रवासाचं होतं. पहिली पाचदहा मिनिटं ते मुद्दाम अंग हलवून कान देत होते. मग हलायचे थांबले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तोंड किंचित उघडं राहिलं.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. टेपू दबक्या पावलांनी दारापर्यंत गेली आणि त्याला म्हणाली, "जरा थांबा. तपासणी अजून चालू आहे."